सब्जेक्ट चौदाचं मीठ

विज्ञानाला कधी माझी गरज भासेल असं मला वाटलं नव्हतं. पण दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये ती भासली, आणि तीही मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या मीटिंगला पाच मिनिटं उरलेली असताना.

माझी मुलगी कॅसँड्रा युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मेडिकल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. इथे सिडनीत बरीच मुलं थेट डॉक्टरकीला जात नाहीत. आधी असली एखादी डिग्री करायची, तिच्यात एकेका मार्कासाठी रक्त आटवायचं, मग प्रवेशपरीक्षा द्यायची, मग इंटरव्ह्यू, आणि एवढं सगळं जमलं तर मेडिकल स्कूल. म्हणजे डॉक्टर होऊ का, असं नुसतं विचारायलाच तीन वर्षं लागतात. त्यात सिडनीत लॉकडाऊन. युनी बंद, लॅब बंद. तेव्हा फिजिऑलॉजीचा मोठा प्रयोग प्रत्येकाने आपापल्या घरी करायचा आणि त्यासाठी घरातलंच एक माणूस 'सब्जेक्ट' म्हणून वापरायचं, असं ठरलं होतं.

"मम्मा दिवसभर कामावर असते," कॅसी म्हणाली. "सो इट हॅज टु बी यू, पप्पा."

निवडीमागचं कारण जरा लागलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. माझी बायको रेनी एका वृद्धाश्रमात पाळ्यांचं रोस्टर सांभाळते, त्यामुळे तिला लॉकडाऊनमध्येही जावं लागायचं. मी रेल्वेच्या सिग्नलचे नकाशे काढतो. ते काम क्वेकर्स हिलमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसूनही होतं. थोडक्यात, विज्ञानाला जो माणूस दिवसभर घरात सापडेल असा हवा होता, तो मी होतो.

प्रयोग सोपा होता. एकूण चौदा दिवस. पहिला आठवडा नेहमीसारखं जेवायचं, दुसरा आठवडा जवळपास मिठाशिवाय. रोज सकाळी आणि संध्याकाळी ब्लड प्रेशर मोजून आकडा वर्गाच्या शीटमध्ये टाकायचा. शिवाय प्रत्येक जेवणाचा फोटो काढून डायरी भरायची. मीठ कमी झालं की प्रेशर किती उतरतं ते बघायचं आणि त्यावर रिपोर्ट लिहायचा. रिपोर्टला चाळीस टक्के वजन.

"डिस्टिंक्शनला पंचाहत्तर लागतात," कॅसी म्हणाली. "आय रिअली नीड धिस वन."

"समजलं," मी म्हणालो. आणि खरोखरच समजलो होतो. घरात एक डॉक्टर होण्याच्या मार्गात आता फक्त माझं शरीर उभं होतं.

पण शरीर असं सहज देता येत नाही. त्यासाठी सहा पानी संमतिपत्र होतं. त्यावर माझी सही, आणि ती सही मीच केली याला नात्यात नसलेल्या जेपीची, म्हणजे जस्टिस ऑफ द पीसची साक्ष. एरवी लायब्ररीत शनिवारी एक जेपी टेबल मांडून बसलेला असतो. लायब्ररी बंद. कौन्सिलला फोन केला तर त्यांनी वेबसाइट बघायला सांगितलं, आणि वेबसाइटने कौन्सिलला फोन करायला सांगितलं. शेवटी दोन रस्ते सोडून ट्रेव्हर नावाचे एक म्हातारे जेपी राहतात असा शोध लागला. ते मास्क, चष्मा आणि बागकामाचे हातमोजे घालून फाटकाशी आले. मी कचऱ्याच्या लाल झाकणाच्या डब्यावर कागद ठेवला आणि दीड मीटर मागे सरलो. त्यांनी सहाही पानं सावकाश वाचली.

"तुम्ही हे स्वखुशीने करताय ना, मेट? कोणी दबाव तर आणला नाही?"

एकवीस वर्षांच्या संसारात मला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी जरा गहिवरलो. मग होय म्हणालो. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि मी बिअर कमी करावी असा सल्ला दिला. मी बिअर पीत नाही हे सांगायला गेलो, तोवर ते आत गेले होते.

आता रविंद्र. रविंद्र आमच्या शेजारी राहतो, मूळचा पुण्याचा, कामाने आयटीवाला. आमच्या दोघांच्या परसात एकच कुंपण, आणि लॉकडाऊनमध्ये आमचं सगळं सामाजिक जीवन त्या कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून चालायचं. मी त्याला प्रयोगाचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आकडे वर्गाला दिसतात?"

"शीटमध्ये सगळ्यांना. नाव नसतं. मी सब्जेक्ट चौदा."

"पण चौदा कोणाचा बाप आहे ते कळतंच ना, मिंगेल. मग तुझी बेसलाइन, म्हणजे पहिल्या आठवड्याचे आकडे, चांगली पाहिजे. पहिलं इम्प्रेशन बेसलाइनचं असतं."

मी घरात जाऊन शीट उघडली. 'सब्जेक्ट चौदा. पुरुष, वय त्रेपन्न, बैठी जीवनशैली.' बैठी. वसईत असताना मी पावसाळ्यात भरल्या विहिरीत उड्या मारायचो. चौदाच्या वरती सब्जेक्ट तेरा होता, कोणाचा तरी मामा, वय अठ्ठावन्न, 'रोज सायकल'. त्याचा पहिल्या दिवसाचा आकडा एकशे अठरा. माझा एकशे सेहेचाळीस.

माणसाची अब्रू अशा ठिकाणी जाते जिथे त्याला वाटतं की आपल्याला कोणी ओळखत नाही.

तेव्हा मी जे केलं ते फसवणूक म्हणून केलं नाही, हे आधी सांगतो. आकडा मी एकदाही खोटा लिहिला नाही. मशीन जे दाखवेल तेच शीटमध्ये जायचं. मी फक्त मशीनसमोर जाण्याआधी स्वतःला थोडं सुधारत होतो. म्हणजे नेहमीसारखं जेवण्याच्या आठवड्यात मी गुपचूप मीठ सोडलं. दुपारी घरात मी एकटाच, कॅसी वरच्या खोलीत लेक्चरमध्ये. तेव्हा अळणी उकडलेली अंडी. रात्रीच्या जेवणाची पंचाईत होती, कारण रेनी सुरमईची आमटी करायची आणि ती आमच्या वसईच्या माणसांना आवडते तशी, सढळ मिठाची करायची. मी "मीटिंग आहे" म्हणून ताट मागच्या खोलीत न्यायचो, डायरीसाठी फोटो काढायचो आणि मग लाँड्रीच्या सिंकमध्ये सुरमईच्या तुकड्या नळाखाली धुवायचो. चिंच, मसाला, मीठ सगळं वाहून जायचं आणि पांढरीफटक मासळी उरायची. ती खाताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण आकडा उतरला. एकशे एक्केचाळीस. एकशे अडतीस. शनिवारी एकशे पस्तीस.

"युअर बेसलाइन इज ॲक्चुअली नॉट बॅड," कॅसी म्हणाली.

मी खांदे उडवले. मोठी माणसं अशीच खांदे उडवतात.

मग दुसरा आठवडा सुरू झाला, खऱ्या अळणी जेवणाचा. आणि इथे माझ्या योजनेतली एक चूक माझ्या लक्षात आली. इतर सगळे सब्जेक्ट मीठ सोडायला ताजेतवाने आले होते. मी आधीच जवळपास आठवडाभर मिठाला मुकलेला होतो. रेनी आणि कॅसीने मिळून माझ्यासाठी खास जेवण करायला घेतलं. बिनमिठाचा भात, बिनमिठाची डाळ, लिंबू पिळलेलं चिकन. रेनी समोर बसून मी संपवेपर्यंत बघायची. सोमवारी दुपारी मी रंगकामाचा ब्रश शोधायला गॅरेजमध्ये गेलो, आणि फडताळात माझ्या बहिणीने पाठवलेल्या कोळंबीच्या लोणच्याची बरणी दिसली. तिच्या मागे पेपरात गुंडाळलेला खारा बांगडा.

मी एकच बोट बुडवलं. नंतर कळलं की चमचाही तिथेच होता.

मंगळवारी मी परसातल्या बार्बेक्यूवर बांगडा भाजला. वास कुंपणापलीकडे गेला, आणि रविंद्र आला. मैथिली, म्हणजे त्याची बायको, मासे खात नाही. वासाची तक्रार येईल असं वाटलं, पण माझी अवस्था बघून त्याने काही विचारलं नाही. आत गेला आणि दोन उडदाचे पापड आणि तिच्या हातचं लिंबाचं लोणचं वाटीतून कुंपणावर ठेवून म्हणाला, "खा. बेसलाइन तर होऊन गेली ना."

तो आठवडाभर मला असं काहीबाही देत राहिला. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, पण कुंपणावरच्या पापडाला ती लागू नव्हती. घरात मी डायरीसाठी अळणी डाळीचा फोटो काढायचो, आणि मग अर्धा तास "चालायला" परसात जायचो.

मशीन मात्र सगळं बघत होतं. एकशे एकोणपन्नास. एकशे चोपन्न. एकशे साठ.

कॅसी शीटसमोर बसून ओठ चावायची. "धिस मेक्स नो सेन्स. मीठ कमी केलं तर वर कसं जाईल?"

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं," मी म्हणालो.

"यू शुड सी अ जीपी, पप्पा."

"लॉकडाऊन संपू दे, मग जाईन डॉक्टरकडे."

ती हो म्हणाली आणि परत ग्राफकडे वळली. डोकं मागून थोडं दुखत होतं, पण ते मी चष्म्यावर ढकललं.

प्रयोग संपला. कॅसीने जसे आकडे तसा रिपोर्ट लिहिला आणि आपल्याला हे समजत नाही असं त्यात प्रामाणिकपणे नमूद केलं. पाच दिवसांनी ईमेल आला. सब्जेक्ट चौदाचा ग्राफ वर्गातल्या बाकी सगळ्या सब्जेक्टच्या बरोबर उलटा होता. डायरीत अळणी जेवण आणि शीटमध्ये चढते आकडे, हे जुळत नव्हतं. विद्यार्थिनीने आकडे घरबसल्या बनवले असावेत अशी शंका होती, आणि त्यावर गुरुवारी दुपारी दोनला झूमवर चौकशी.

मी ईमेल दोनदा वाचला. कॅसी किचनच्या टेबलाशी बसली होती. रडत नव्हती, नुसती टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होती. असला ठपका रेकॉर्डवर आला की मेडिकल स्कूलच्या फॉर्ममध्ये तो लिहावा लागतो, हे तिनेच मला मागे सांगितलं होतं.

"मी काही बनवलं नाही," ती म्हणाली. "तुला माहितीये ना, पप्पा. तू तर इथेच होतास."

"माहितीये," मी म्हणालो.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिने माझ्याकडे इतक्या खात्रीने बघितलं की शब्द परत खाली गेले. मी ठरवलं, चौकशीतच सांगू, सगळ्यांसमोर, एकदाच. मी कुंपणावर रविंद्रला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बोलताना डेटा क्वालिटी इश्यू म्हण. खोटं हा शब्द वापरू नको." पहिल्यांदाच त्याचा सल्ला मला पटला नाही.

गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला आधार म्हणून एक माणूस सोबत बसवता येतो. कॅसीने माझं नाव दिलं होतं. स्क्रीनवर दोन बायका होत्या. एक डॉक्टर पॅटरसन, हा विषय शिकवणाऱ्या; त्या आधी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये काम करत होत्या. दुसऱ्या चौकशी अधिकारी, नाओमी नावाच्या. नाओमीने नियम वाचून दाखवले, आणि त्यातला चौथा नियम असा होता की आधाराला बसलेल्या माणसाने आधार द्यावा, पण बोलू नये.

मी हात वर केला.

"सॉरी, मिस्टर रुमाव. सपोर्ट पर्सनला बोलता येत नाही."

मी स्क्रीनवरचं हाताचं चिन्ह दाबलं. नाओमी म्हणाल्या की मला साक्षीदार व्हायचं असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी फॉर्म भरायला हवा होता. मी आज भरू का, असं विचारलं, तर मी बोलतोय हे त्यांनी पुन्हा लक्षात आणून दिलं. तोवर डॉक्टर पॅटरसननी कॅसीला पहिला प्रश्न विचारला होता, की सहाव्या दिवसापर्यंत उतरणारे आकडे आठव्या दिवसापासून का चढले. कॅसी म्हणाली, "आय डोंट नो." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

माझ्यासमोर सिग्नलच्या नकाशाचा एक जुना कागद होता. मी तो उलटा केला, जाड मार्करने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी खारे मासे खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात. लपून,' आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

कॅसीने वळून कागद वाचला. मग माझं तोंड वाचलं.

"हे लेखी आहे," डॉक्टर पॅटरसन नाओमीला म्हणाल्या. "लेखी चालतं ना?"

नाओमीने नियम बघितले. लेखीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मला बोलू दिलं, आणि मी सगळं सांगितलं. लाँड्रीच्या सिंकपासून पापडापर्यंत. अळणी आठवड्यात मीठ, आणि मिठाच्या आठवड्यात अळणी. मी काही गाळलं नाही, फक्त रविंद्रला 'एक शेजारी' म्हटलं. सुरमई धुण्याच्या प्रसंगाला नाओमीने कॅमेरा बंद केला. त्या हसत होत्या असं मला वाटतं.

डॉक्टर पॅटरसन हसल्या नाहीत. "मिस्टर रुमाव, आज सकाळचा आकडा काय होता? तुम्ही अजून मोजता का?"

सवयीने मोजत होतो. "एकशे बासष्ट. खालचा अठ्ठ्याण्णव."

त्यांनी चष्मा काढला. "डोकं दुखतं?"

"मागून. थोडं."

"हे असं किती दिवस चाललंय?"

"दोनेक आठवडे."

"आणि तुम्ही हे कोणाला दाखवलं?"

"तुम्हाला," मी म्हणालो. "रोज. शीटमध्ये."

मी हे टोमणा म्हणून बोललो नव्हतो. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टर पॅटरसन म्हणाल्या की हो, बरोबर आहे, मी रोज बघत होते. त्यांनी मला आजच्या आज जीपीला फोन करायला सांगितलं, आणि चौकशी तिथेच संपवली.

लॅपटॉप बंद झाल्यावर कॅसी ओरडेल अशी माझी तयारी होती. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण ती ओरडली नाही. मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली. मी थोडं अंतर ठेवून शेजारी बसलो.

"सॉरी, कॅसी. मी तुझं नुकसान केलं."

"मी तो नंबर रोज बघत होते," ती म्हणाली. "रोज, पप्पा. एकशे साठ बघून मला काय वाटायचं माहितीये? माझा ग्राफ बिघडतोय."

"तू अजून डॉक्टर कुठे आहेस."

"दॅट्स नॉट द पॉइंट." आता मात्र तिला रडू आलं. मला लोकांना समजावता येतं असा माझा समज आहे. त्या दिवशी मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

रेनी संध्याकाळी आली. तिने सगळं ऐकलं, गॅरेजमध्ये जाऊन बरणी आणली, मला दाखवून तिचं झाकण घट्ट लावलं, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त गोळ्या आणि भाज्या याच विषयांवर बोलली.

जीपीकडे रुग्णाखेरीज कोणाला आत सोडत नव्हते. कॅसी कार पार्कमध्ये उभी राहिली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त घेतलं आणि सांगितलं की प्रेशर बरेच महिने जास्त असावं. हृदयाला फारशी इजा झालेली नाही, पण आणखी दोन वर्षं असंच गेलं असतं तर झाली असती. मी बाहेर आलो आणि जसं सांगितलं तसं कॅसीला सांगितलं. तिने फोनवर लिहून घेतलं. गोळीचं नाव दोनदा स्पेलिंगसकट विचारलं.

युनीचं पत्र दहा दिवसांनी आलं. विद्यार्थिनीची काही चूक नाही, ठपका नाही, रिपोर्ट नव्याने लिहून देता येईल. कॅसीने तो तीन दिवसांत लिहिला आणि मला वाचायला दिला. सब्जेक्टने आहाराची माहिती खोटी दिली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते मला मान्य होतं. पण शेवटच्या पानावर एक वाक्य होतं: 'सलग सहा दिवस आकडा एकशे पन्नासच्या वर असताना संशोधकाने सब्जेक्टला तातडीने डॉक्टरकडे नेलं नाही.'

"हे काढ," मी म्हणालो. "माझ्याबद्दल पाहिजे ते लिही. हे तुझ्याबद्दल आहे, याने मार्क जातील."

"जातील," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. खरं आहे ते."

तिने वाक्य काढलं नाही. मार्क एकाहत्तर पडले.

रविंद्रला कळलं तेव्हा तो कुंपणाशी येऊन हळहळला. "चार मार्कांनी डिस्टिंक्शन गेलं, मिंगेल. रिव्ह्यू मागा. मी मस्त ईमेल ड्राफ्ट करून देतो."

"नको," मी म्हणालो. "बरोबर दिलेत मार्क."

त्याला हे पटलं नाही. तो मला रिव्ह्यूच्या नियमांतल्या पळवाटा समजावत होता, तेवढ्यात आतून कॅसीने हाक मारली. पाच वाजले होते. मी जाऊन खुर्चीत बसलो, पाय जमिनीवर सपाट ठेवले, बाही वर केली. तिने दंडाला पट्टा बांधला, बटणावर बोट नेलं आणि थांबली.

"कसं वाटतंय आज, पप्पा?"

मी जरा विचार करून सांगायला लागलो. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि माझं सांगून होईपर्यंत तिने मशीन सुरू केलं नाही.